ताम्हिणी म्हणजे 'मोस्ट वाँटेड' नव्हे!

काल मित्राला बघून आलो. उजव्या पायात रॉड. गेल्या रविवारी साहेब हिंजवडीहून निघाले, पौड, मुळशी करत ताम्हिणीत पोचले. भर पावसात वळणावर आल्यावर ब्रेक आणि स्टिअरिंग एकदमच. गाडी वळलीच नाही, सरळ कठड्यात. वर मला म्हणतो, "अरे, एनएफएसमध्ये असली वळणं मी डोळे मिटून घेतो!"

त्याच्या आईचं म्हणणं, गेम्सनीच पोरं बिघडली. काकूंशी कुठे वाद घालणार, पण मला हे साफ नामंजूर आहे. सगळे रेसिंग गेम्स एकाच पोत्यात का भरायचे?

'मोस्ट वाँटेड' (२००५) मीही रात्र रात्र खेळलोय. झकास गेम! पण त्यात भिंत म्हणजे उशी. आपटा, घासा, पुढे चला. गंमत म्हणजे त्यात 'स्पीडब्रेकर' नावाचं बटण आहे, ते दाबलं की काळच हळू होतो. आपल्या पौड रोडवरचा स्पीडब्रेकर वेगळा, राव!

याउलट 'ग्रान तुरिस्मो' (१९९७). त्यात लायसन्सची परीक्षा असते आणि अगदी पहिल्या धड्यात गाडी पळवून ठरलेल्या जागेत थांबवायची असते. थांबवायची! टायरची पकड मर्यादित असते. ती सगळी ब्रेकनेच खाल्ली तर वळायला काय उरणार? ओल्या रस्त्यावर तर मुळातच कमी. म्हणून आधी ब्रेक, मग वळण. आमच्या कँटीनमध्ये याला 'बोअर' म्हणतात.

सिम्युलेशनवालेही काही संत नाहीत म्हणा. याच 'ग्रान तुरिस्मो'त २०१० च्या पाचव्या भागापर्यंत आपटलेल्या गाडीला साधा पोचासुद्धा दिसत नसे. आणि समोरून येणारी एसटी, धबधब्यापाशी रस्त्यातच फोटो काढणारी मंडळी या गेम्समध्ये नाहीत. पण आर्केड खेळून 'मला ड्रायव्हिंग येतं' म्हणणाऱ्याला दोष द्यायचा सोडून गेमला कसला देताय?

असो. येताना त्याच्या लॅपटॉपवर 'रिचर्ड बर्न्स रॅली' (२००४) टाकून आलो. पाय जायबंदी, तेव्हा कीबोर्डवरच खेळला. तिसऱ्या वळणावर गाडी झाडात, खेळ खलास. "काय फालतू गेम आहे हा!" म्हणाला.

रात्री साडेबाराला मेसेज आला, "पाचव्या वळणापर्यंत गेलो."