आधी मातेचे पोषण

जयपूरमध्ये प्रसूतीनंतरच्या काळास ‘जापा’ म्हणतात. त्या दिवसांत मातेस डिंक, सुंठ व तूप यांचे लाडू देतात. रूढी उत्तम आहे. परंतु जापा सरतो, स्तनपान मात्र चालूच राहते.

अर्धपोटी मातेसही दूध येते. दुधातील प्रथिने अशा मातांमध्ये फारशी घटत नाहीत, असे डॉ. सी. गोपालन यांना १९५० च्या दशकात दक्षिण भारतातील गरीब मातांच्या अभ्यासात आढळले. ‘अ’ व ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे मात्र मातेच्या आहाराप्रमाणे कमी होतात आणि कॅल्शियम तिच्या हाडांतून खर्ची पडते. म्हणून बालकाचे वजन वाढते एवढ्यावरून माता सुदृढ आहे, असे मानणे योग्य नव्हे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मते, पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेस रोज ६०० उष्मांक अधिक लागतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने या काळात अंगणवाडीतून विनामूल्य आहाराचा हक्क तिला दिला आहे. तथापि घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेस तेवढा पुरणार नाही. बालकाचे वजन घेताना मातेचेही घ्यावे, आणि बाजरीची पहिली भाकरी तिच्या ताटात पडावी.