आधी कोणत्या रुग्णाकडे जाल?

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत नर्सिंगच्या परीक्षांची जाडजूड पुस्तके दिसतात. कोणी एम्सच्या ‘नॉरसेट’ची तयारी करते, कोणी राज्याच्या अधिपरिचारिका भरतीची, कोणी अमेरिकेच्या ‘एन्क्लेक्स’ची. आपल्याकडे परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. जीएनएम किंवा बीएस्सी पूर्ण झाले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. त्यामुळे ज्ञानाची खरी चाळणी नोकरीच्या परीक्षेतच लागते आणि त्यात मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचा वाटा मोठा असतो.

या परीक्षा बदलत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. एप्रिल २०२३ पासून एन्क्लेक्समध्ये रुग्णाची पूर्ण हकिगत देऊन निर्णय विचारला जातो. चार रुग्ण आहेत, आधी कोणाकडे जाल? पोटॅशियमचे इंजेक्शन थेट शिरेत का देत नाहीत? रक्त चढवताना थंडी वाजून आली तर पहिले काम कोणते? (रक्त थांबवायचे, नवा सेट लावून नॉर्मल सलाइनवर शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना कळवणे त्यानंतर.) पाठांतराने ही उत्तरे येतील, पण रात्री तीन वाजता ती आठवायला मागचे कारण कळलेले असावे लागते.

माझी तक्रार पुस्तकांविषयी आहे. बरीचशी परदेशी पुस्तकांवरून बेतलेली असतात. हृदयविकार, मधुमेह, सीओपीडी यांवर शेकडो प्रश्न. सर्पदंशावर जेमतेम दोन-चार. आमच्या घाटीत पावसाळ्यात जालना, बीड, परभणीकडून येणारे रुग्ण मात्र पुस्तकाचा क्रम पाळत नाहीत.

घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असेल तर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी खाटेशेजारीच होते. नवी, कोरडी, साधी काचेची नळी, त्यात दोन मिली रक्त, वीस मिनिटे न हलवता. मग एकदाच तिरकी करून पाहायची. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर विष नसतानाही रक्त पातळ राहू शकते आणि रुग्णाला विनाकारण प्रतिविष मिळते. मण्यारच्या दंशात उलटे घडते. चाचणी ठीक येते, दंशाची खूण दिसत नाही, झोपेतून उठलेला माणूस पोट दुखते म्हणतो. थोड्या वेळाने पापण्या जड होतात. त्या पापण्या पहिल्यांदा पाहते ती बहुधा सिस्टरच.

फवारणीचे औषध पोटात गेलेल्या रुग्णाचेही तसेच. अ‍ॅट्रोपिन पुरेसे झाले का, हे बाहुलीच्या आकारावरून ठरवायचे नाही. छातीतली घरघर थांबली का, नाडी ऐंशीच्या वर गेली का, ते पाहायचे. पुढे रुग्ण बडबडू लागला, अंग तापले, आतड्यांचा आवाज थांबला, तर औषध जास्त होत आहे. ही नोंद तासातासाला कोणीतरी करावी लागते.

आता हे ‘कोणीतरी’ कोण? शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. सरकारी रुग्णालयात रात्रपाळी पाहिलेल्या माणसाला तो वाचून हसू येते. एकटीवर चाळीस खाटा असतील तर ‘आधी कोणाकडे जाल’ या प्रश्नाचे अचूक उत्तर माहीत असूनही दुसऱ्या रुग्णाकडे पोहोचायला उशीर होतो. भरती परीक्षा उमेदवाराचे ज्ञान तपासते; मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे तपासायला कोणी बसत नाही.

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा झाला. अभ्यासक्रमाचा दर्जा ठरवताना त्यात मराठवाड्याच्या वॉर्डातली ही काचेची नळी यावी. तोवर विद्यार्थिनींनी पुस्तकाबरोबर घाटीच्या अपघात विभागात पावसाळ्यातली एक पाळी जरूर काढावी.