नाडी बेताल लागली तर ईसीजी आजच काढा

गोंदिया जिल्ह्यातल्या सर्वांना, आणि बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या मायबहिणींना विशेष करून, कळकळीची विनंती आहे: आज एक मिनिट काढा आणि स्वतःची नाडी पाहा.

डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बुडाशी, उजव्या हाताची तीन बोटं हलकेच टेकवा. घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर थांबा. एक ठोका जोरात, पुढचा पुसट, दोन लगोलग, मग मध्येच खाडा, आणि कशालाच नेम नाही असं जाणवलं तर उद्यावर टाकू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढायला सांगा. तिथे सोय नसेल तर गोंदियाचं केटीएस रुग्णालय गाठा.

नाडी अशी बेताल करणाऱ्या आजाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ, म्हणतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेचे संदेश मिनिटाला 350 ते 600 वेळा सैरावैरा धावतात. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. त्यातले मोजकेच संदेश खाली उतरतात, तेही कसेही. म्हणून नाडी बेताल. मोठा धोका पुढेच आहे. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. बांधीच्या कोपऱ्यात अडलेल्या पाण्यावर शेवाळ धरावं तसं तिथे थबकलेलं रक्त गोठतं. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफमुळे लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. हृदयाची झडप आकसलेली असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त.

हा फक्त म्हातारपणाचा आजार समजू नका. 2011-12 मध्ये भारतातल्या दीड हजारांवर एएफ रुग्णांची नोंद झाली, तेव्हा त्यांचं सरासरी वय 55 च्या आत निघालं आणि जवळपास निम्म्यांना ऱ्हुमॅटिक हृदयरोग होता. त्याची सुरुवात अशी: लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे धरतात, आणि घरचे विसरून जातात. पुढे काही वर्षांनी मिट्रल झडप आकसते, वरचा कप्पा ताणला जातो, तिथे व्रण पडतात आणि थरथर सुरू होते. झडपेचं हे आकसणं बायांत जास्त आढळतं. आणि रोवणीत बाईला दम लागला की घरात काय म्हणतात? काम जास्त झालं, रक्त कमी आहे. सिकलसेलची तपासणी आपल्या जिल्ह्यात गावागावांत माहीत आहे. नाडी पाहायला तर सुईसुद्धा लागत नाही.

वाढलेलं बीपी, थायरॉइड आणि दारू हीही कारणं आहेतच.

ठोके आवरायला गोळ्या आहेत; काहींना शॉक देऊन किंवा ॲब्लेशन करून ठेका परत आणता येतो. पण जीव वाचवते ती गुठळी रोखणारी गोळी. झडप आकसलेल्यांसाठी वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल हीच जुनी, स्वस्त औषधं योग्य. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रुग्णही सामील असलेल्या मोठ्या चाचणीत ऱ्हुमॅटिक रुग्णांमध्ये नव्या रिव्हारोक्सबानपेक्षा जुन्या औषधांवर मृत्यू कमी झाले. ॲस्पिरिन हा या औषधांना पर्याय नाही.

मात्र या गोळ्यांना आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीची जोड हवीच. आकडा साधारण 2 ते 3 मध्ये राहायला हवा. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली आणि लकवा आला, असं होऊ देऊ नका. पालक, मेथी, लाखोरीची भाजी बंद करू नका, फक्त रोजच्या बेताने खा. रोवणीनंतर कंबर धरली म्हणून दुकानातून दुखीची गोळी परस्पर घेऊ नका. या औषधांसोबत ती पोटात रक्तस्राव घडवू शकते. दिवस गेल्याची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर आधी घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावांना या साडेचार तासांत रस्ताही कापायचा असतो, तेव्हा अंगारा, मालिश यात वेळ घालवू नका. ते इंजेक्शन द्यायचं की नाही हे रुग्णाच्या चालू गोळ्यांवर आणि आयएनआरवरही ठरतं. म्हणून गोळ्यांचं पाकीट आणि शेवटचा रिपोर्ट एका पिशवीत घालून घरातल्या प्रत्येकाला दिसेल अशा जागी आजच ठेवा.