पोरखेळ कोणता?

संगणकावरील खेळ म्हणजे पोरखेळ, हे आमच्या ज्येष्ठांचे मत. आणि जुने नामांकित खेळ प्रत्येकाने खेळलेच पाहिजेत, हा काही तरुणांचा आग्रह. आम्हांस दोन्ही अमान्य आहेत. १९८१ च्या 'विझर्ड्री'पासून १९९८ च्या 'बॉल्डर्स गेट'पर्यंत तुकडी घेऊन खेळावयाच्या भूमिकाखेळांचा गाभा एकच : सोबती जमवावेत, प्रत्येकाचे बळ व उणीव ओळखावी आणि सर्वांना तगवावे. 'बॉल्डर्स गेट'मध्ये लढाई मध्येच थांबवून एकेकास आज्ञा देता येते. बोटांच्या चपळाईपेक्षा तेथे विचारास मोल अधिक. न पटणारे सोबती आपसांत भांडतात, तुकडी सोडूनही जातात. 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) तर लढाईपेक्षा संवादांवरच पुढे सरकतो.

ज्यास नियम वाचण्याचा कंटाळा आहे, हार होताच ज्याचा धीर सुटतो, त्याने खुशाल दूर राहावे. त्यात कमीपणा नाही. परंतु जाडजूड कादंबरी शेवटास नेणाऱ्या वाचकाने केवळ पडद्याच्या तिटकाऱ्याने पाठ फिरवावी, हे आम्हांस पटत नाही. नातवास हिणवण्यापूर्वी तासभर त्याच्या शेजारी बसून तो पडदा वाचावा. आवडनिवड मग ठरवावी. न वाचता पुस्तक नाकारणाऱ्यास आपण रसिक म्हणत नाही.