गर्भपाताचा कायदा आणि कष्टकरी स्त्रीची कुचंबणा

आपल्या देशात गर्भपात कायदेशीर होऊन अर्धे शतक उलटले. १९७१ साली संमत झालेला वैद्यकीय गर्भपात कायदा १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला, तेव्हा फ्रान्स आणि इटलीसारख्या प्रगत म्हणविणाऱ्या भांडवली देशांतही स्त्रीला ही मुभा नव्हती. सत्ताधारी वर्गाचे प्रवक्ते या गोष्टीचा अभिमानाने उच्चार करतात आणि विचारतात, कायदा इतका उदार असताना तुम्हाला आणखी काय हवे? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ते भिलाईसारख्या पोलादनगरीच्या कडेला पसरलेल्या ठेका मजुरांच्या वस्त्यांत शोधले पाहिजे.

भिलाईचा कारखाना १९५५ च्या सोव्हिएत सहकार्य करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कायम कामगारांसाठी आखीव सेक्टर, शाळा, सुसज्ज रुग्णालय अशी व्यवस्था झाली. परंतु डोक्यावर घमेली वाहणारी जी मजूर स्त्री, जिला तेथे ‘रेजा’ म्हणतात, ती या व्यवस्थेच्या कुंपणाबाहेरच राहिली. पुढे कायम नोकऱ्या घटत गेल्या, ठेकेदारी वाढत गेली आणि हे कुंपण अधिकच उंच झाले.

अशाच एका रेजेने सांगितलेली हकीकत मराठीत उतरविण्याचे काम मध्यंतरी माझ्याकडे आले होते. ती विवाहित, दोन मुलांची आई. तिसऱ्या खेपेस दिवस गेल्यावर ती एका सरकारी दवाखान्यात गेली. ‘आता आठवण झाली का?’ असे तेथे तिला सर्वांसमक्ष विचारण्यात आले. नवऱ्याची सही आणावयास सांगितले. सही आणली तेव्हा, नसबंदी कबूल असेल तरच पुढचे बोलू, असे बजावण्यात आले. अखेर तिने एका खाजगी दवाखान्यात महिनाभराची मजुरी मोजली आणि चौथ्याच दिवशी, रक्तस्राव थांबला नसताना, पुन्हा विटा वाहू लागली. कारण खाडा पडला असता तर रोजी बुडाली असती. हे आजवर कोणाला का सांगितले नाहीस, असे विचारता तिचे उत्तर होते : ‘लाज लागथे.’ हे उत्तर उतरवून घेताना मला कोशाची गरज पडली नाही. लाज हा शब्द छत्तीसगढीत आणि मराठीत एकच आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी नमुना ‘सी’ या संमतिपत्रावर सही लागते ती केवळ तिची. नवऱ्याच्या, बापाच्या वा सासूच्या सहीची कोठेही अट नाही. नसबंदीच्या सक्तीला कायद्यात तिळमात्र आधार नाही. २०२१ च्या दुरुस्तीने तर स्त्रीचे नाव व माहिती उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली, आणि ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या जुन्या शब्दांच्या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द घातले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित व अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे त्या खिडकीवर रेजेला जे ऐकावे लागले, त्यातील एकाही गोष्टीला कायद्याचे पाठबळ नव्हते.

मग हे घडते कसे? याचे एक कारण कायद्याच्या घडणीतच आहे. गर्भपात हा फौजदारी गुन्हा असल्याचे पूर्वी दंड संहितेच्या ३१२ व्या कलमात होते, आज ते न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आहे. १९७१ च्या कायद्याने डॉक्टरला त्यातून अभय दिले. स्त्रीला हक्क दिला नाही. निर्णय डॉक्टरच्या ‘मता’वर ठेवला. जिला हक्क नाही ती खिडकीवर याचक म्हणूनच उभी राहते, आणि याचकाला चार शब्द सुनावण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, असे आपला सरंजामी समाज मानतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही लाज कोणाच्या तरी फायद्याची आहे. सरकारी दवाखान्यात अपमान होतो म्हणून स्त्री खाजगी दाराशी जाते, आणि गुप्ततेसाठी मागतील ती किंमत मोजते. लाज हे या धंद्याचे बिनव्याजी भांडवल आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लक्ष गर्भपात झाले, आणि त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णालयाबाहेर गोळ्या घेऊन झाले. गोळ्या योग्य माहितीसह, योग्य आठवड्यांत घेतल्या तर सुरक्षित आहेत. परंतु औषधाच्या दुकानातून पाकीट मिळते, माहिती मिळत नाही. रक्तस्राव वाढला तर कोठे जावे, हे त्या स्त्रीला कोणी सांगत नाही.

नसबंदीची अट ही किरकोळ बाब समजू नये. स्त्रीच्या देहाकडे लोकसंख्येचा आकडा म्हणून पाहणारी दृष्टी काय करते, हे याच छत्तीसगढने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या, आणि किमान १३ स्त्रिया प्राणांस मुकल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. शिबिरांवर बंदी घालता येते; परंतु ती दृष्टी खिडकीवर बसलेलीच राहिली, तर गर्भपाताची प्रत्येक खोली हे एक छोटे शिबिरच होईल.

येथे काही सद्‍हेतूची माणसे गर्भलिंगनिदानाचा मुद्दा काढतात आणि प्रत्येक गर्भपाताकडे ‘भ्रूणहत्या’ म्हणून बोट दाखवितात. ही गल्लत आहे. लिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचा रोख निदान करणाऱ्यांवर व करविणाऱ्यांवर आहे. तपासणी यंत्राच्या मालकाला मोकळे सोडून रेजेला खुनी ठरविण्याने एकही मुलगी वाचत नाही.

काही सहकारी म्हणतील, हा घरगुती प्रश्न, कामगार संघटनेचा त्याच्याशी काय संबंध? संबंध थेट मजुरीशी आहे. गर्भस्राव किंवा वैद्यकीय गर्भपातानंतर स्त्री कामगाराला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात होती, आणि तीच २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण रजा हवी तर पुरावा दाखवावा लागतो. एक कायदा गुप्ततेची हमी देतो आणि दुसरा कागद मुकादमाच्या हाती द्यावयास लावतो. ज्या स्त्रीचे हजेरीपटावर नावच धड नाही, ती हा कागद कोणापुढे ठेवणार? म्हणून ती चौथ्या दिवशी विटा वाहते. किती मागणीपत्रांत आपण या सहा आठवड्यांचा उल्लेख केला, हे आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे.

सोव्हिएत रशियाने १९२० मध्ये जगात प्रथम गर्भपात सरकारी रुग्णालयांत, डॉक्टरांच्या हातून, विनामूल्य उपलब्ध करून दिला. १९३६ मध्ये तेथेच त्यावर बंदी आली आणि १९५५ पर्यंत ती उठली नाही. ती चूक होती, आणि तिची किंमत श्रमिक स्त्रियांनीच मोजली. मिळालेला हक्कही राखावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी दगावल्या. खाणकामगारांनी तो घरगुती प्रश्न मानला नाही. त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उभे केले. त्या संघटनेशी मतभेद असणाऱ्यांनीही यापासून शिकावे असे बरेच आहे.

आज मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य, विनाअट गर्भपाताची सोय हवी. नवऱ्याची सही आणि नसबंदी लागत नाही, हे दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले हवे. सहा आठवड्यांची रजा ठेका मजूर स्त्रीलाही हवी, आणि तिचा पुरावा मुकादमापर्यंत जाता कामा नये. गर्भपात फौजदारी संहितेतून वगळला पाहिजे. आणि संघटनेच्या सभेत ही मागणी मांडताना लाजेने मान खाली घालण्याचे कारण रेजेला नाही. ते कारण असलेच तर तिला चौथ्या दिवशी विटा वाहावयास लावणाऱ्यांना आहे.