१८५८ चे घर उपरे कसे?

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावी, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर रस्त्यावर ग्रीक धाटणीचे एक विटांचे घर आहे. लेम्युअल बाउडन या वकिलाने ते १८५८ मध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर बांधले. पुढे ते आर्मिस्टेड घराण्याचे झाले. भोवतीचे गाव मात्र अठराव्या शतकाच्या रूपात सजवलेले. म्हणून या घरावर आक्षेप असा, की ते मागाहून आलेले आहे आणि चित्र बिघडवते.

मग चित्राचेच वय पाहू. गव्हर्नरचा राजवाडा १७८१ मध्येच जळाला. आज दिसतो तो १९३४ मध्ये पुन्हा उभा राहिलेला. विधानभवनाचे तर त्याहून नवल. पॅट्रिक हेन्री या पुढाऱ्याने १७६५ मध्ये ब्रिटिशांच्या स्टँप कायद्याविरुद्ध सभा गाजवली ती विधानभवनाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या इमारतीत. नव्याने बांधली गेली ती मात्र तिच्या आधीची, १७४७ मध्ये जळालेली, कारण तिची माहिती जास्त मिळाली. हेन्री जिथे कधी बोललाच नाही अशा वास्तूची ही प्रतिकृती अस्सल, आणि बाउडनचे मूळ घर उपरे?

पाद्री गुडविन आणि धाकटे रॉकफेलर यांनी १९२६ पासून गावाला हे जुने रूप परत देण्याचे केलेले काम थोर आहे. ८८ मूळ इमारती त्यामुळे टिकल्या, हे ऋण मी मानतो. पण त्याच कामात नंतरच्या काळाच्या शेकडो इमारती गेल्या. १७७६ पासूनची परंपरा सांगणाऱ्या कृष्णवर्णीय मंडळींच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची १८५६ ची इमारतही १९५०च्या दशकात पाडली गेली आणि तिच्या जागेवर वाहनतळ झाला. बाउडनच्या घराहून ती दोनच वर्षांनी थोरली होती. २०२० मध्ये तिचा पाया शोधायला तीच जमीन खणावी लागली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गुलामगिरीच्या काळातले घर का जपावे? पण अठराव्या शतकातही या गावातली जवळपास निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती आणि त्यातले बहुतेक गुलामच होते. या कसोटीवर राजवाडाही उतरत नाही. उलट हे घर राहिले म्हणूनच, संघराज्यातून फुटून निघण्याला विरोध करणारा आणि १८६३ मध्ये संघराज्याच्या सेनेटमध्ये बसलेला बाउडनसारखा एक व्हर्जिनियन याच रस्त्यावर राहत होता, हे दाखवता येते.

विल्यम्सबर्गला गेलात तर राजवाड्याच्या आधी या घरापुढे थांबा. त्याच्या भिंती १८५८ च्याच आहेत.