दृष्टीआडची बेटे

जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन प्रकरणांत आपला निष्कर्ष जाहीर केला. नौकेतून ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या आणि पुढे नौरू या बेटावर धाडण्यात आलेल्या आश्रयार्थींना तेथे मनमानीने स्थानबद्ध ठेवण्यात आले. त्यांत आईवडिलांवाचून आलेली अल्पवयीन मुलेही होती. या स्थानबद्धतेची जबाबदारी ऑस्ट्रेलियाची आहे, असे समितीने म्हटले. माणसे नौरूच्या भूमीवर होती, तेव्हा त्यांचे जे काही झाले त्यास नौरूचे सरकार उत्तरदायी, हा ऑस्ट्रेलियाचा युक्तिवाद समितीने मानला नाही. समितीच्या मताची सक्तीने अंमलबजावणी करता येत नाही. तथापि गेली पाव शतकभर त्या देशात चालू असलेल्या वादाचे मर्म या निर्णयात आले आहे. दाराशी आलेल्या माणसाला पैसे देऊन दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवले, म्हणजे घरधन्याची जबाबदारी संपते काय, हा तो प्रश्न होय.

ऑस्ट्रेलियाची वृत्ती नेहमीच अशी नव्हती. एप्रिल १९७६ मध्ये व्हिएतनाममधून निघालेली पाच माणसांची एक लहानशी नौका डार्विन बंदरात येऊन पोचली. पुढील पाच वर्षांत अशा नौकांतून दोन हजारांवर माणसे आली. 'श्वेत ऑस्ट्रेलिया'चे धोरण त्या देशाने १९७३ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडेच टाकून दिले होते, आणि या नौकांविषयी जनतेत भीतीची भावनाही होती. परंतु पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने त्या भीतीला खतपाणी घातले नाही. आग्नेय आशियातील छावण्यांत अधिकारी पाठवून तेथेच निर्वासितांची छाननी करावी व त्यांना विमानाने आणावे, हा मार्ग त्याने पत्करला. १९७९ मध्ये जिनीव्हा येथे भरलेल्या परिषदेत अनेक देशांनी हे ओझे वाटून घेतले आणि व्हिएतनाममधून रीतसर बाहेर पडण्याची वाटही खुली झाली. ऑस्ट्रेलियाने हजारोंच्या संख्येने इंडोचिनी निर्वासित वसवले. या उदारतेमागे व्यवहारही होता. लोकांनी स्वतः होऊन नौका हाकारू नयेत, ही फ्रेझर सरकारची इच्छा होतीच. पण ती साधण्यासाठी त्याने सरळ वाट रुंद केली आणि १९८१ नंतर नौकांचा तो ओघ थांबला.

या मार्गाला फाटा फुटला तो १९९२ मध्ये. त्या वर्षी पॉल कीटिंग यांच्या मजूर सरकारने परवान्यावाचून आलेल्यांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा केला व विरोधी पक्षाने त्यास पाठिंबा दिला. ऑगस्ट २००१ मध्ये 'टॅम्पा' या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने बुडू पाहणाऱ्या एका नौकेतून चारशे तीसहून अधिक माणसे वाचवली. त्यांत बहुसंख्य अफगाणिस्तानातील हजारा होते. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने या जहाजाला ख्रिसमस बेटावर माणसे उतरवू दिली नाहीत, उलट त्यावर सैनिक चढवले. अखेर काहींना न्यूझीलंडने नेले व उरलेल्यांची रवानगी नौरूला झाली. पापुआ न्यू गिनीच्या मॅनस बेटावरही छावणी उघडली गेली. ऑक्टोबरमध्ये ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, आश्रयार्थींनी स्वतःची मुले समुद्रात फेकली असे मंत्र्यांनी जाहीर सांगितले. ते असत्य होते, हे पुढे सिनेटच्या चौकशीत सिद्ध झाले. त्याच महिन्यात एक नौका बुडून ३५३ माणसे मृत्युमुखी पडली. नोव्हेंबरमध्ये श्री. हॉवर्ड निवडणूक जिंकले, आणि नौका हा मते मिळवून देणारा विषय आहे, हा धडा दोन्ही मोठ्या पक्षांनी घेतला.

२००८ मध्ये केव्हिन रड यांच्या मजूर सरकारने नौरूची छावणी बंद केली. त्यानंतर नौका पुन्हा वाढल्या आणि अपघातही वाढले. डिसेंबर २०१० मध्ये ख्रिसमस बेटाच्या खडकांवर एक नौका आपटून सुमारे पन्नास माणसे किनाऱ्यावरील लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने बंद केलेल्या छावण्या पुन्हा उघडण्याचा निर्णय घेतला. मे २०१३ मध्ये तर ऑस्ट्रेलियाची सारी मुख्य भूमीच, नौकेने येणाऱ्यांपुरती, स्थलांतरविषयक कायद्याच्या प्रदेशातून वगळण्यात आली. १९ जुलै २०१३ रोजी पुन्हा पंतप्रधान झालेल्या श्री. रड यांनी जाहीर केले की, यापुढे नौकेने येणारा कोणीही, तो खरा निर्वासित ठरला तरीसुद्धा, ऑस्ट्रेलियात वसवला जाणार नाही. त्यांच्यानंतर आलेल्या टोनी अ‍ॅबट यांनी नौदलाकरवी नौका समुद्रातूनच माघारी धाडण्याचे सत्र सुरू केले.

या धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. २००८ ते २०१३ या काळात समुद्रात शेकड्यांनी माणसे बुडाली. त्यांत बायका-मुले होती. चोरट्या वाहतुकीचा धंदा करणारे दलाल गळक्या होड्यांत माणसे कोंबून बक्कळ पैसा करीत होते. ज्याच्याकडे दलालाला द्यायला पैसा आहे त्याचा नंबर आधी लागावा आणि आफ्रिकेतल्या छावणीत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्याने मागे राहावे, यातही न्याय नाही. आपल्या देशात कोणी यावे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, हे तत्त्वही सर्वमान्य आहे. ऑस्ट्रेलिया छावण्यांतून निवडून दरवर्षी हजारो निर्वासित आणतो, हेही खरे आहे. करुणेच्या नावाने बोलणाऱ्यांनी बुडालेल्यांचा हिशेब टाळला, तर त्यांच्या करुणेला अर्थ उरत नाही.

म्हणूनच हा हिशेब नीट मांडला पाहिजे. नौका कशाने थांबल्या? बेटांवरील छावण्या २०१२ मध्ये उघडल्या, तरी त्या वर्षी १७ हजारांवर आणि २०१३ मध्ये २० हजारांवर माणसे नौकांनी आली. एकट्या छावण्यांच्या धाकाने ओघ आटला नाही. जुलैच्या घोषणेनंतर तो ओसरू लागला आणि नौका माघारी धाडणे सुरू झाल्यावर जवळजवळ थांबला. २०१४ नंतर सप्टेंबर २०२३ पर्यंत समुद्रातून आलेल्या नव्या कोणाचीही रवानगी या बेटांवर झाली नाही. नौका परतवल्या जात होत्या आणि ऑस्ट्रेलियाचे किनारे जवळपास शांत होते. मग आधीच बेटांवर असलेल्यांना तेथे का ठेवले होते? जुलै २०१३ नंतर तेथे पाठवलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांपैकी बहुतेक जण छाननीत खरे निर्वासित ठरले होते. त्यांच्याविरुद्ध ना आरोप होता, ना खटला. त्यांनी दुसऱ्यांना इशारा म्हणून तेथे राहायचे होते.

याचा पुरावा सरकारच्याच वागण्यात सापडतो. न्यूझीलंडने २०१३ मध्ये दरवर्षी दीडशे जणांना स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. ऑस्ट्रेलियाने ती मान्य केली मार्च २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे कारण सांगितले गेले ते असे की, न्यूझीलंडला पाठवले तर दलालांना चुकीचा संदेश जाईल. म्हणजे माणसे ठेवायला जागा होती, घेणारा शेजारी तयार होता, केवळ संदेशासाठी माणसे अडकून होती. चोराला शिक्षा केल्याने दुसऱ्या चोराला जरब बसते, हा दंडनीतीचा जुना विचार आहे. पण तेथे शिक्षा भोगणारा निदान चोर तरी असतो. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचे ३१ वे कलम सांगते की, जिवावरच्या संकटातून थेट आलेल्या निर्वासितास केवळ बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये. हा करार अमलात येण्यास सहा राष्ट्रांची मान्यता आवश्यक होती. १९५४ मध्ये ती सहावी मान्यता देणारे राष्ट्र ऑस्ट्रेलियाच होते.

यातली विसंगती अशी की, हा धाक चालायचा तर छावणीतील हाल जावा बेटावर नौकेची वाट पाहणाऱ्याला कळले पाहिजेत, आणि हे धोरण टिकायचे तर सिडनीतल्या मतदाराला ते दिसता कामा नयेत. दृष्टीआड सृष्टी ही म्हण येथे राज्यकारभाराचे सूत्र झाली. जानेवारी २०१४ मध्ये नौरूने पत्रकारांच्या प्रवेशपरवान्याचे शुल्क २०० वरून ८,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेले. परवाना नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नसे. २०१५ च्या कायद्याने छावण्यांत काम करणाऱ्यांना तेथील माहिती बाहेर सांगितल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. डॉक्टरांना त्यातून वगळायला आणखी एक वर्ष जावे लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये नौरूने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला बेट सोडायला लावले. मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या तिच्या डॉक्टरांना तेथे आत्महत्येच्या प्रयत्नांपर्यंत गेलेली माणसे आढळली होती. इतके करूनही सत्य बाहेर आलेच. बेहरूझ बूचानी या कुर्दी-इराणी पत्रकाराने मॅनसवर बंदिवान असताना मोबाइलवरून तुकड्यातुकड्यांनी पाठवलेल्या मजकुराचे पुस्तक झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरिया राज्याचे सर्वोच्च साहित्य पारितोषिक मिळाले. ज्या देशाने लेखकाचा सन्मान केला, त्याच देशात पाऊल ठेवायला लेखकाला मनाई होती.

ज्या बेटांवर हे ओझे टाकले गेले त्यांचाही विचार झाला पाहिजे. नौरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व न्यूझीलंड यांनी तेथील फॉस्फेट खणून नेले आणि आपल्या शेतांना स्वस्तात खत पुरवले. १९६८ मध्ये बेट स्वतंत्र झाले, पण त्याचा मधला बहुतेक भाग ओसाड झाला होता. त्याबद्दल नौरूने १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. फॉस्फेट संपले, पैसाही संपला, आणि २००१ मध्ये जुनाच धनी नवे काम घेऊन दारात उभा राहिला. अशा करारास दोन सार्वभौम राष्ट्रांचा राजीखुशीचा व्यवहार म्हणणे कठीण आहे.

पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे ती पहिली नौका डार्विनला लागल्याला चाळीस वर्षे होत असताना, मॅनसवरील स्थानबद्धता घटनाबाह्य ठरवली. २०१७ मध्ये तेथील १,९०५ जणांचा दावा मिटवण्यासाठी ऑस्ट्रेलियाला ७ कोटी डॉलर मोजण्याचे कबूल करावे लागले. छावण्यांवर कित्येक वर्षे दरसाल शंभर कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. एवढे होऊन शेवटी शेकडो माणसे अमेरिकेने घेतली, काही न्यूझीलंडने. जून २०२३ मध्ये नौरूवरून जुन्यांपैकी अखेरचे निर्वासित हलवले गेले आणि सप्टेंबरमध्ये नवे पाठवले गेले. म्हणजे प्रकरण संपले म्हणावे अशी स्थिती नाही.

या प्रयोगाचे अनुकरणही झाले. ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सरकारने एप्रिल २०२२ मध्ये आश्रयार्थींना रवांडास पाठवण्याची योजना आखली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, आणि जुलै २०२४ मध्ये सत्तेवर येताच मजूर पक्षाने ती मोडीत काढली. तोवर नव्या गृहमंत्र्यांच्या सांगण्यानुसार ७० कोटी पौंड खर्च झाले होते आणि रवांडास गेले होते चार जण, तेही स्वखुशीने. इटलीने अल्बानियात बांधलेल्या छावण्या २०२४ पासून न्यायालयांच्या फेऱ्यात सापडल्या. तरीही ऑस्ट्रेलियाने मार्ग दाखवला, असे युरोपातील राजकारणी सांगत असतात.

ऑस्ट्रेलियाने खरा मार्ग दाखवला तो १९७० च्या दशकात. नौकेत बसण्याआधीच इंडोनेशिया व मलेशियातल्या निर्वासितांची छाननी करावी, जे पात्र ठरतील त्यांना ठराविक संख्येने, ठराविक मुदतीत आणावे आणि शेजारी देशांशी ओझे वाटून घ्यावे, हे काम नवे नाही. २०१४ नंतर मात्र इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रांकडे नोंद होणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियाने आपले दार बंद केले. सरळ वाट बुजवायची आणि आडवाटेने आलेल्याला रांग मोडल्याबद्दल दोष द्यायचा, हे न्यायाला धरून नाही. विमानाने येऊन नंतर आश्रय मागणाऱ्यांची संख्या २०१७-१८ या एका वर्षात २७ हजारांवर होती. त्यांना कोणी बेटावर धाडले नाही. देशातच राहून ते निर्णयाची वाट पाहू शकत होते. एकाच संकटातून आलेल्या दोघांपैकी एकाला समाजात राहू द्यावे आणि दुसऱ्याला केवळ त्याच्या वाहनामुळे निर्जन छावणीत ठेवावे, या भेदाला कोणत्या तत्त्वाचा आधार आहे?

सीमेचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि अपात्र ठरलेल्यास परत पाठवण्याचाही त्यास अधिकार आहे. पण तो अधिकार आपल्या न्यायालयांच्या, आपल्या वृत्तपत्रांच्या आणि आपल्या नागरिकांच्या नजरेसमोर बजावला पाहिजे. जे आपल्या भूमीवर उघडपणे करण्यास सरकार धजत नाही, ते तीन-चार हजार किलोमीटर दूरच्या बेटावर केल्याने न्याय्य ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जे सांगितले त्याचा आशय हाच आहे. तो मानावयाचा किंवा नाही, हे अखेरीस त्या बेटांवरचे कोणी ठरवणार नाही. ते ऑस्ट्रेलियाच्या मतदाराला ठरवावे लागेल आणि त्यासाठी त्याला बेटांकडे पाहावे लागेल.